दहा मिनिटांत टेबल तयार, पण पाडा कुठे टाकायचा?

बरेच दिवस कॉलेजातल्या मुलामुलींचे मेसेज येतायत. जँगो शिकलो, लाराव्हेल शिकलो, ट्युटोरियल बघून ब्लॉगही तयार झाला, आता पुढे काय? ब्लॉगचं उदाहरण सगळीकडे असतं कारण ते सोपं आहे. एक लेखक, त्याचे लेख, खाली कमेंट. त्यात चुकण्यासारखं फारसं काही नाही. म्हणून आज मी वेगळं उदाहरण घेतलंय. आपल्या पालघर जिल्ह्यातले जव्हार आणि मोखाडा हे दोन तालुके, आणि तिथल्या अंगणवाडीतलं मुलांच्या वजनाचं रजिस्टर. या रजिस्टरचं ॲप करायला बसलो, तर फ्रेमवर्क आपल्यासाठी काय काय करतं आणि काय आपल्याच गळ्यात राहतं, ते बघू.

जव्हार-मोखाडा ही नावं तुमच्यापैकी अनेकांनी बातम्यांतच ऐकली असतील, आणि बहुतेक वेळा कुपोषणाच्या बातम्यांत. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत झालेले बालमृत्यू राज्यभर गाजले होते. तेव्हापासून या भागात मुलाचं वजन हा फक्त आरोग्याचा आकडा राहिलेला नाही. अंगणवाडी ताई दर महिन्याला सहा वर्षांखालच्या मुलांना काट्यावर बसवतात, उंची मोजतात, दंडाचा घेर मोजतात. त्या आकड्यावरून ठरतं की मूल घरीच बरं होईल, की ग्राम बाल विकास केंद्रात ठेवायला हवं, की दवाखान्यात न्यायला हवं. म्हणजे रकाना चुकला तर चूक कागदावर राहत नाही.

२०१८ साली पोषण अभियान सुरू झालं आणि देशभर अंगणवाडी सेविकांच्या हातात मोबाइल येऊ लागले. त्यात जे कॉमन ॲप्लिकेशन सॉफ्टवेअर होतं, ते कॉमकेअर नावाच्या मुक्त स्रोत प्लॅटफॉर्मवर उभं होतं, आणि कॉमकेअरचा सर्व्हर जँगोवर लिहिलेला आहे. २०२१ पासून त्या जागी पोषण ट्रॅकर आलं. आज मी त्या सरकारी ॲपबद्दल बोलत नाहीये. समजा एखाद्या छोट्या संस्थेला दहा-बारा अंगणवाड्यांसाठी स्वतःची नोंद ठेवायची आहे आणि त्यांनी तुम्हाला बोलावलंय, असं धरू.

आधी फ्रेमवर्कचं काम. पूर्वी असं ॲप करायचं म्हणजे डेटाबेसमध्ये टेबल हाताने बनवा, एसक्यूएल लिहा, फॉर्म लिहा, फॉर्ममधली माहिती टेबलात घाला, ती परत काढून स्क्रीनवर दाखवा. तेच नाव पाच ठिकाणी लिहायचं आणि एका ठिकाणी स्पेलिंग चुकलं की रात्रभर शोधायचं. २००४ साली रुबी ऑन रेल्स आलं, २००५ साली जँगो सगळ्यांसाठी खुलं झालं, २०११ मध्ये लाराव्हेल. तिघांची मूळ कल्पना एकाच घरातली आहे. तुम्ही एक क्लास लिहा. त्याला मॉडेल म्हणायचं. 'मूल' नावाचा क्लास, त्यात नाव, जन्मतारीख, अंगणवाडी. बास. जँगोमध्ये त्या क्लासवरून टेबलही बनतं. फ्रेमवर्क एक ऑब्जेक्ट म्हणजे टेबलातली एक ओळ असं नातं जोडतं, सेव्ह म्हटलं की इन्सर्ट किंवा अपडेट स्वतः लिहितं. रेल्समध्ये याला ॲक्टिव्ह रेकॉर्ड म्हणतात, लाराव्हेलमध्ये इलोक्वेंट, जँगोमध्ये नुसतंच ओआरएम.

जँगो कुठे जन्मलं माहितीये? अमेरिकेत, कॅन्सस राज्यातल्या एका स्थानिक वर्तमानपत्राच्या कचेरीत. तिथे डेडलाइन तासांची असायची. दुपारी संपादक सांगणार, संध्याकाळी पान वेबसाइटवर हवं. म्हणून त्यात ॲडमिन पॅनेल आयतं मिळतं. मॉडेल लिहिलं, एका ओळीत नोंदवलं, की नाव भरायचा, बदलायचा, शोधायचा अख्खा पडदा तयार. मला विचाराल तर जँगोची सगळ्यात भारी गोष्ट तीच. ओआरएम सगळ्यांकडे आहे.

तर आपलं ॲप. गाव, अंगणवाडी, मूल, वजनाची नोंद. चार मॉडेल्स. प्रत्येकात चार-पाच रकाने. टर्मिनलवर मेक मायग्रेशन्स, मग मायग्रेट. दहा मिनिटांत टेबलं तयार, अर्ध्या तासात ॲडमिन चालू. लॅपटॉप उघडून ताईंना दाखवता येतं. आणि ताई पहिल्या मिनिटात विचारणार, "सर, पाडा कुठं टाकायचा?"

इथून खरं काम सुरू होतं.

जव्हार-मोखाड्यात गाव म्हणजे चावडीभोवती दाटलेली घरं, असं चित्र डोळ्यांपुढे आणू नका. एका महसुली गावाचे पाडे डोंगरावर विखुरलेले असतात. एक इकडच्या माळावर, दुसरा ओहोळापलीकडे, पावसाळ्यात तिकडे जायचं तर निम्मा दिवस. कुठला पाडा वारल्यांचा, कुठला कोकणा किंवा महादेव कोळ्यांचा, एखादी कातकरी वाडी. लोक पत्ता सांगतात तो पाड्याचा. जनगणनेचा कोड मात्र महसुली गावाला असतो, पाड्याला नसतो. त्यामुळे शहरात बसून मॉडेल लिहिणारा माणूस गावाची यादी जनगणनेतून उचलतो, ती आयात करतो, आणि त्याला वाटतं पत्त्याचं काम झालं. मग पाडा कुठे जातो? शेरा नावाच्या रकान्यात. कुणी 'खालचापाडा' लिहितं, कुणी 'खालचा पाडा', कुणी इंग्रजीत. कुठल्या पाड्यावर कुपोषित मुलं जास्त आहेत हा प्रश्न, जो ताईंच्या पर्यवेक्षिकेला दर महिन्याला पडतो, तो त्या डेटाबेसला विचारताच येत नाही. पाडा हे स्वतंत्र मॉडेल हवं, गावाशी जोडलेलं, आणि मूल पाड्याशी जोडलेलं. कोडच्या तीन ओळी. पण त्या लिहायच्या हे फ्रेमवर्क सांगत नाही.

याच यादीत आणखी एक गंमत आहे. २०११ च्या जनगणनेत जव्हार आणि मोखाडा ठाणे जिल्ह्यात आहेत. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. आठ तालुके ठाण्यातून निघाले, त्यात हे दोन. आणि जँगोमध्ये मायग्रेशनची सोय अंगभूत आली ती १.७ आवृत्तीत, सप्टेंबर २०१४ मध्ये. त्याआधी साउथ नावाचं वेगळं पॅकेज लावावं लागायचं. एका महिन्याच्या अंतराने जिल्हाही बदलला आणि टेबल बदलण्याचं हत्यारही आलं. योगायोगच, पण शिकवायला फार सोयीचा.

मायग्रेशन म्हणजे काय? मॉडेलमध्ये बदल केला की फ्रेमवर्क जुनं आणि नवं ताडून बघतं आणि फरकाची एक फाइल लिहून देतं. रकाना वाढव, नाव बदल, टेबल जोड. त्या फाइलींना क्रमांक असतात, त्या क्रमाने चालवल्या की कुठल्याही सर्व्हरवर तेच टेबल उभं राहतं. ज्यांनी हाताने अल्टर टेबल चालवलंय त्यांना विचारा हे किती मोठं सुख आहे. पण जिल्हा बदलणं हा टेबलाच्या आकारातला बदल नाही, आतल्या माहितीतला आहे. तो फरक फ्रेमवर्कला दिसत नाही. त्यासाठी आपणच फंक्शन लिहायचं की या आठ तालुक्यांचा जिल्हा बदल. आणि लिहिताना ठरवायचं की २०१३ ची नोंद आता कुठे मोजायची. ठाण्यात, की पालघरमध्ये? जिल्ह्याची तुलना हवी असेल तर पालघरमध्ये, जुना छापील अहवाल जुळायला हवा असेल तर ठाण्यात. दोन्ही हवं असेल तर तालुका आणि जिल्हा यांच्या नात्यालाच तारखा द्या, या तारखेपासून या तारखेपर्यंत. यात संगणकाचं डोकं चालत नाही, कारण प्रश्न संगणकाचा नाही.

आता जन्मतारीख. इथे मी जरा थांबणार आहे.

मॉडेलमध्ये आपण डेटफील्ड लिहितो. फ्रेमवर्क लगेच कॅलेंडर देतं, चुकीची तारीख अडवतं, ३१ फेब्रुवारी घेत नाही. छान. पण ते अर्धवट तारीखही घेत नाही. दिवस, महिना, वर्ष, तिन्ही द्या नाहीतर पुढे जाऊ देणार नाही. मूल दवाखान्यात जन्मलं असेल तर अडचण नाही, कार्डावर तारीख असते. घरी जन्मलं असेल, तर आई सांगते, भाताची मळणी चालू होती तेव्हाचा. होळीच्या आधीची. ही माहिती खोटी नाही, चांगली माहिती आहे. पण डेटफील्डमध्ये मळणी बसत नाही. मग भरणारा काय करतो? आपल्याकडे याची जुनी परंपरा आहे. १ जून! महाराष्ट्रात कितीतरी लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकली. तुमच्या घरातही एखादे आजोबा असतील.

आजोबांचं काही बिघडलं नाही. बाळाचं बिघडतं. समजा एक मुलगा खरा जन्मला डिसेंबरच्या सुरुवातीला, मळणीच्या वेळी, आणि नोंद झाली पुढच्या १ जूनची. दीड वर्षाचा झाला तेव्हा त्याचं वजन ८.२ किलो. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या मानकांप्रमाणे दीड वर्षाच्या मुलग्याचं वजन ८.८ किलोच्या खाली गेलं की ते कमी वजन. पण ॲपच्या मते तो एक वर्षाचा आहे, आणि एक वर्षाच्या मुलग्यासाठी ती रेघ ७.७ वर आहे. म्हणजे जे मूल पिवळ्या पट्ट्यात असायला हवं ते हिरव्यात दिसतं. कोडमध्ये बग नाही, टेस्ट सगळ्या पास, ग्राफ सुंदर.

उपाय अवघड नाही. तारखेसोबत अजून एक रकाना ठेवा, तारीख कशावरून घेतली? दवाखान्याचं कार्ड, जन्म दाखला, की आईच्या सांगण्यावरून अंदाज. अंदाज असेल तर महिना निवडायचा आणि शक्य असेल तिथे सणाचं नाव दाखवायचं. दिवाळी, होळी, भातलावणी, कापणी. आणि जिथे अंदाज आहे तिथे अहवालात वयानुसार वजनावर विसंबू नका. उंचीनुसार वजन घ्या, त्याला वय जवळपास लागत नाही. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी दंडाचा घेर आहेच, साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण. हे ताईंना पाठ असतं. मॉडेल लिहिणाऱ्याला पाठ नसतं, हाच तर घोळ आहे.

आता मघाचा मायग्रेशन शब्द परत घेऊ, पण खऱ्या अर्थाने. स्थलांतर. भाताचं, नाचणी-वरईचं काम आटोपलं, दिवाळी झाली, की या दोन तालुक्यांतली कितीतरी कुटुंबं भिवंडी, वसई, कल्याण या बाजूंना वीटभट्टीवर किंवा बांधकामावर जातात. लहान मुलं सोबत. काही होळीला परततात, बरीचशी पावसाच्या तोंडावर. हे दर वर्षीचं आहे, अपवाद नाही. आणि आपल्या मॉडेलमध्ये काय आहे? मुलाला एक फॉरेन की, अंगणवाडी. म्हणजे मूल आयुष्यभर एकाच अंगणवाडीत.

डिसेंबर आला. यादीत नाव आहे, मूल नाही. वजनाचा रकाना सक्तीचा केला असेल तर फॉर्म अडतो, आणि फॉर्म अडला की माणूस काहीतरी भरतो. मागच्या महिन्याचंच वजन पुन्हा, किंवा शून्य. हा शून्य आपण इंजिनियर लोकही आणतो बरं का. चालू टेबलात नवा सक्तीचा रकाना वाढवला की मेक मायग्रेशन्स विचारतं, जुन्या ओळींत काय भरू, एक डीफॉल्ट सांगा. संध्याकाळचे सात वाजलेत, घरी जायचंय, बोट शून्यावर जातं. मग शेकडो मुलांची उंची शून्य सेंटिमीटर.

बरं, मग रकाना रिकामा चालेल असं करू. नल. डेटाबेस सरासरी काढताना नल सोडून देतो, म्हणजे शून्याने होणारा घोळ टळला. पण आता दुसराच प्रकार होतो. समजा एका अंगणवाडीच्या यादीत ४० मुलं आहेत आणि त्यातली १० कुपोषित. २५ टक्के. दिवाळीनंतर १५ मुलं आईबापांबरोबर गेली, आणि त्यात कुपोषितांपैकी ६ होती. हे अशक्य नाही, कारण ज्यांच्या घरी खायला कमी तेच आधी बाहेर पडतात. उरली २५, त्यात कुपोषित ४. १६ टक्के. अहवालात कुपोषण २५ वरून १६ वर आलं. एकाही मुलाचं वजन वाढलेलं नाही. वरच्या ऑफिसात बसलेल्या माणसाला हा आलेख दाखवला तर तो खूश होईल, आणि त्याचा दोष नाही, त्याला आपण तेवढंच दाखवलंय.

यावर अनेक जण ॲक्टिव्ह नावाचा हो-नाही रकाना घालतात. मूल यादीत आहे तर खूण, नाही तर खूण काढा. फार सोपं, फार प्रचलित, आणि इथे मला तो अजिबात पटत नाही. कारण खूण काढलेल्या मुलांमध्ये भट्टीवर गेलेलं मूल, सहा वर्षं पूर्ण होऊन शाळेत गेलेलं मूल आणि वारलेलं मूल, तिघं एकसारखी दिसतात. ज्या भागाची ओळखच बालमृत्यूंमुळे झाली, तिथल्या डेटाबेसमध्ये या तीन गोष्टी एका खुणेत कोंबायच्या?

करायचं ते असं. मूल आणि अंगणवाडी यांच्यामध्ये तिसरं मॉडेल आणा. नाव द्या 'हजेरीकाळ' किंवा काहीही. त्यात मूल, अंगणवाडी, कधीपासून, कधीपर्यंत, आणि का संपला. जँगोमध्ये मेनी टू मेनीला थ्रू टेबल देता येतं, तेच हे. मूल भिवंडीच्या भट्टीजवळच्या अंगणवाडीत गेलं तर तिथे नवी ओळ, जव्हारची ओळ पुसायची नाही. होळीला परत आलं, अजून एक ओळ. आणि वजनाच्या नोंदीत, वजन नसेल तर कारण हवंच. गावी नाही, आजारी, काटा नादुरुस्त, त्या दिवशी ताई मीटिंगला. अहवाल दोन आकडे देईल. मोजलेल्यांपैकी इतके कुपोषित, आणि यादीतली इतकी मोजलीच नाहीत, त्यातली इतकी मागच्या वेळी कुपोषित होती. तो शेवटचा आकडा बघून कुणीतरी भिवंडीला फोन लावू शकतो. राज्याच्या महिला व बालविकास विभागानेही स्थलांतराचा माग ठेवणारी प्रणाली २०२१ च्या शेवटी काही जिल्ह्यांत प्रायोगिक म्हणून सुरू केली होती, आणि पालघर त्यात होता. म्हणजे ही गरज माझ्या डोक्यातून निघालेली नाही.

नेटवर्कबद्दल थोडक्यात. फ्रेमवर्क प्रत्येक टेबलाला आपणहून एक आयडी देतं, एक, दोन, तीन असा चढता. तो सर्व्हर देतो. मोखाड्याच्या आतल्या पाड्यांवर रेंज नसते, नोंद फोनमध्येच होते आणि रेंजमध्ये आल्यावर वर जाते. दोन ताईंच्या फोनांनी आपापल्या मुलाला ५७ नंबर दिला तर वर आल्यावर भांडण. म्हणून अशा ॲपमध्ये पहिल्याच दिवशी आयडीसाठी यूयूआयडी घ्या, तो फोनवरच तयार होतो आणि जुळायची शक्यता नसल्यात जमा. पहिल्या दिवशी ही एक ओळ आहे. सहा महिन्यांनी, वजनाच्या हजारो नोंदी त्या जुन्या नंबरांना जोडलेल्या असताना, हाच बदल केला तर आठवडा जातो आणि झोपही.

हेच बाकीच्या सगळ्याला लागू आहे. टेबल रिकामं आहे तोवर मॉडेल बदलणं फुकट असतं. डेटाबेस उडवा, मायग्रेशनच्या फाइली उडवा, पुन्हा बनवा. भरलेल्या टेबलात प्रत्येक बदल म्हणजे जुन्या ओळींचं काय, हा प्रश्न. ताईंनी मळणी म्हणून सांगितलेलं आपण १ जून म्हणून साठवलं असेल, तर कुठलंही मायग्रेशन ती मळणी परत आणू शकत नाही. रॅपिड ॲप्लिकेशन डेव्हलपमेंट हे नाव जेम्स मार्टिन यांच्या १९९१ च्या पुस्तकाने रूढ केलं, आणि त्यात मुख्य भर होता वापरणाऱ्यांना सोबत बसवून, कच्चा नमुना दाखवून, तो मोडून पुन्हा करण्यावर. वेग त्यासाठी हवा होता. आता वेग उरलाय आणि सोबत बसणं गळालंय. फ्रेमवर्कने तुमचे तीन आठवडे वाचवले ना? मग बीटच्या मीटिंगला जा, ॲडमिन पॅनेल उघडा, आणि ताईंना म्हणा की तुमच्या जुन्या वहीतली दहा पानं यात भरून दाखवा. वहीच्या समासात जे जे लिहिलेलं सापडेल, तो प्रत्येक शेरा म्हणजे तुमच्या मॉडेलमध्ये नसलेला रकाना.

कॉमकेअरवाल्यांनी वेगळी वाट धरली, तीही सांगतो. जँगो वापरूनही ते प्रत्येक कार्यक्रमासाठी वेगळं मॉडेल लिहीत बसत नाहीत. फॉर्म जसा आला तसा आख्खा जपून ठेवतात आणि त्यावरून त्या व्यक्तीची सध्याची स्थिती मांडतात. उद्या रकाना बदलला तरी मूळ फॉर्म शाबूत. याची किंमत म्हणजे अहवाल काढणं कटकटीचं होतं. दहा अंगणवाड्यांच्या ॲपला मी एवढं करायला सांगणार नाही, पण भरलेला मूळ फॉर्म एका जेसन रकान्यात जसाच्या तसा ठेवा. जागा फार लागत नाही.

शेवटचा मुद्दा, ऑन डिलीट. जँगोमध्ये फॉरेन की लिहिताना सांगावं लागतं की ज्याला जोडलंय तीच ओळ पुसली तर काय करायचं. २.० आवृत्तीपर्यंत, म्हणजे २०१७ च्या डिसेंबरपर्यंत, हे नाही सांगितलं तरी चालायचं आणि आपोआप कॅस्केड धरलं जायचं. आता सक्तीने लिहावं लागतं, म्हणून सगळे ट्युटोरियलमधून कॅस्केड उचलून चिकटवतात. ब्लॉगमध्ये ते ठीक आहे, लेख पुसला तर कमेंट ठेवून काय करायचं? इथे दोन अंगणवाड्या एकत्र केल्या आणि ॲडमिनमध्ये कुणी जुनी अंगणवाडी पुसली, तर तिची मुलं जातात आणि मुलांबरोबर त्यांची सगळी वजनं जातात. ॲडमिन आधी एक लांब यादी दाखवून विचारतं, खात्री आहे का? लांब यादी कोण वाचतं. तिथे प्रोटेक्ट लिहा. मुलं जोडलेली आहेत तोवर अंगणवाडी पुसलीच जाणार नाही, एरर येईल, कुणीतरी तुम्हाला फोन करेल. येऊ दे फोन.

पुढच्या भागात ऑफलाइन सिंक. एकाच मुलाचं वजन दोन फोनांवरून वेगवेगळं आलं तर कुठलं खरं धरायचं, त्यावर बोलू. तुमच्याकडे असं काही झालं असेल तर लिहून कळवा. चला, राम राम.